बारावीनंतर इंजिनिअरिंग, बीएस्सी गणित की बीए? खान्देशातल्या घरांसाठी धागा

तापीथडी (धागाकर्ता) | शनिवार, सकाळी ७:१०

नमस्कार मंडळी.

सीईटीचा निकाल लागला की मला फोन सुरू होतात. जळगाव जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात गेली १९ वर्षं मी गणित शिकवतो. गाव रावेर तालुक्यात, घरी केळी. फोन बहुतेक वडिलांचा असतो आणि प्रश्न ठरलेला: "सर, कोणती ब्रँच घेऊ?" मी म्हणतो, आधी पोराला द्या फोन.

पोराला मी एकच काम सांगतो. ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी विद्यापीठाच्या साइटवरून दोन-तीन अभ्यासक्रमांच्या पीडीएफ काढ. पहिल्या दोन सत्रांचे पेपर वाच. प्रत्येक अभ्यासक्रमातलं एक युनिट निवड, लायब्ररीतून त्याचं पुस्तक आण आणि दोन दुपारी त्याच्यासोबत बस. कुठे वेळेचं भान सुटलं आणि कुठे दहा मिनिटांत जांभई आली, ते वहीत लिही. एवढं केलेली मुलं मला पुढे क्वचितच "सर, चुकलो" म्हणत आली.

पीडीएफ उघडल्यावर मोठ्यांनाही आश्चर्य वाटतं. इंजिनिअरिंगला "भाषा संपली" म्हणून येणाऱ्या मुलाला पहिल्याच वर्षी संवादकौशल्य आणि अहवाल लेखन भेटतं. "गणित नको" म्हणून बीए अर्थशास्त्राला गेलेल्या मुलीला निर्देशांक, सहसंबंध, प्रतिगमन भेटतं. पुढे एमए करायचं तर कलन (कॅल्क्युलस) लागतंच. समाजशास्त्रात नमुना निवड आहे, म्हणजे संभाव्यताच. भिंती आपण घरात बांधलेल्या असतात, अभ्यासक्रमात त्या तेवढ्या उंच नाहीत.

नवीन शैक्षणिक धोरणाची रचनाही समजून घ्या. संलग्न कॉलेजांत ती २०२४-२५ पासून लागू झाली. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिट्सची, चार वर्षांची ऑनर्स १६० ते १७६ ची. एक क्रेडिट म्हणजे थिअरीचे १५ तास. मुख्य विषय मेजर, जोडीला मायनर, आणि ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या विद्याशाखेबाहेरचा घ्यायचा. बीए मराठीच्या मुलीला विज्ञान शाखेतला पेपर घेता येतो, बीएस्सीच्या मुलाला मानव्यशाखेतला. बहुतेक जण तिथे "सोपा कोणता" एवढंच विचारतात. सोन्यासारखी जागा वाया जाते.

आपापले अनुभव लिहा. कोणाच्या घरी आत्ता हा प्रश्न असेल तर तोही मांडा.

---

शहाद्याची_आई | शनिवार, सकाळी ९:२५

सर, आमच्या घरी अगदी हाच प्रश्न आहे. मुलगी बारावी सायन्स झाली, पीसीएम. सीईटीत ८६ पर्सेंटाइल. तिचे बाबा म्हणतात कॉम्प्युटर. ती दिवसभर शब्दांच्या मागे असते. कोणता शब्द गुजरातीतून आला, आजी "डोया" का म्हणते, आपण "डोळा" का म्हणतो. मला वाटायचं हे लहानपणाचं वेड, जाईल. गेलं नाही. आता ती म्हणते मला भाषा शिकायची आहे. घरात दोन दिवस कोणी धड जेवलेलं नाही. काय करावं?

---

कोरडवाहू_पारोळा | शनिवार, सकाळी १०:०२

सर, राग मानू नका. तुमचं म्हणणं ज्यांच्या घरी पगार येतो त्यांच्यासाठी ठीक. माझी तीन एकर कोरडवाहू, कापूस. एकच पोरगा. त्याला काय आवडतं ते बघत बसलो तर चौथ्या वर्षी हातात काय? मला त्याची नोकरी पाहिजे. दोन दुपारी पुस्तक वाचून नोकरी लागत नाही.

---

तापीथडी | शनिवार, सकाळी ११:४०

भाऊ, राग कशाचा? तुमचा प्रश्न या धाग्यावरचा सगळ्यात खरा प्रश्न आहे. माझे वडीलही हेच बोलले होते, आणि त्या वर्षी वादळात बाग आडवी झालेली होती.

मी नोकरीच्या विरोधात नाही. पण १९ वर्षांत जी मुलं अर्ध्यात सुटली, ती हुशारीत कमी नव्हती. रोज सहा तास ज्या विषयासमोर बसायचं तो विषयच त्यांना परका होता. दोन विषय राहिले, मग चार, मग घरी सांगायची लाज, मग सुरतेला एखाद्या दुकानात. चार वर्षांची फी जाते आणि डिग्रीही येत नाही. तुमच्या तीन एकराला ते जास्त महाग पडतं. म्हणून दोन दुपारी मागतो.

पैशाचं सांगतो. धाकटा कोणी दहावीला असेल तर पॉलिटेक्निकचा रस्ता आहे: तीन वर्षांचा डिप्लोमा, मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. मध्येच थांबावं लागलं तरी हातात काम असतं. विद्यापीठाच्या "कमवा आणि शिका" योजनेची चौकशी प्रवेशाच्याच दिवशी करा, नंतर मुलं संकोचतात.

शहाद्याच्या ताई, तुमच्यासाठी: २०२४-२५ पासून राज्यात ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. निर्णय कोणताही घ्या, पण फीच्या भीतीने घेऊ नका.

---

बोलीभाषा_साक्री | शनिवार, दुपारी १:१५

ताई, तुमची पोरगी लाखात एक शे! मी भाषाविज्ञान शिकते आहे, म्हणून जरा मोठं लिहिते.

तिने विचारलेला "डोया"चा प्रश्न हा पदवीच्या स्वनविज्ञानाच्या, म्हणजे भाषेतल्या ध्वनींच्या पेपरातला खरा प्रश्न आहे. आपल्या अहिराणीत आणि लेवा बोलीतही "ळ"चा "य" होतो: डोळा-डोया, काळा-काया, शाळा-शाया. "ण"चा "न" होतो, पानी. लोक याला "अशुद्ध" म्हणतात. पण चूक आज एक असते, उद्या वेगळी असते. इथे प्रत्येक आजी, प्रत्येक गावात, त्याच जागी तोच बदल करते. म्हणजे तो नियम आहे. मला शाळेत "शाया" म्हटलं म्हणून बाकावर उभं केलं होतं. कॉलेजात पहिल्यांदा फळ्यावर हा नियम बाण काढून लिहिलेला बघितला, तेव्हा मी वर्गात रडले. माझी आई चुकीचं बोलत नव्हती.

व्याकरणही बघा. "मला"चं "माले", "आहे"चं "शे", "भूक लागली"चं "भूक लागनी". गुजरातीचा "छे" आणि आपला "शे" शेजारी ठेवून बघितले की नकाशा डोळ्यांसमोर येतो. ग्रियर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याने भारतीय भाषांच्या पाहणीत खान्देशी, म्हणजे आपली अहिराणी, भिल्ली भाषांच्या खंडात घातली, तो भाग १९०७ साली छापला गेला. ती मराठीची बोली की वेगळी भाषा, हा वाद तेव्हापासून आहे. २०११ च्या जनगणनेत साडेअठरा लाखांवर लोकांनी आपली भाषा खान्देशी म्हणून नोंदवली. एवढ्या लोकांच्या बोलण्यावर काम करणारी माणसं मात्र बोटांवर मोजण्याइतकी.

आता रस्ता. आपल्याकडे पदवीला नुसतं भाषाविज्ञान फारसं मिळत नाही. बीए मराठी किंवा इंग्रजी करायचं, त्यात भाषाविज्ञानाचे पेपर असतात, आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एमए भाषाविज्ञान. दुसरा रस्ता तुमच्या पीसीएमवाल्या मुलीला जास्त जुळेल: हैदराबादच्या ट्रिपल आयटीत कॉम्प्युटर सायन्सचं बीटेक आणि संगणकीय भाषाविज्ञानाचं एमएस अशी पाच वर्षांची दुहेरी पदवी आहे. त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा असते, यंदाची तारीख गेली असेल तर पुढच्या वर्षी बघता येईल. तिसरं म्हणजे इथेच कॉम्प्युटर घ्यायचं आणि भाषा सोडायची नाही. फोनला मराठीत बोलून लिहायला लावता ना? तो फोन शहाद्याच्या बाजारातलं बोलणं ऐकून गोंधळतो. ते दुरुस्त करायला दोन्ही येणारी माणसं लागतात.

---

धुळे_गल्ली_नं_४ | शनिवार, दुपारी २:३०

+१. आणि बीए इतिहासवाल्यांना सांगा, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच गेले, त्यांचे कागद इथे आहेत. मूळ कागद हातात घ्यायला पुण्या-मुंबईला जावं लागत नाही. मोडी मात्र शिका, तिच्याशिवाय दार उघडत नाही.

---

पाटणादेवीचा_वाटसरू | शनिवार, संध्याकाळी ६:०५

गणिताबद्दल मी लिहितो. चाळीसगावचा, बीएस्सी गणित, आता पुण्यात विमा क्षेत्रात.

सर, एक गैरसमज आधी दूर व्हायला हवा. "बारावीला गणितात ९० पडले, म्हणून बीएस्सी गणित घे" असं कोणी सांगत असेल तर थांबा. बारावीचं आणि इंजिनिअरिंगचं गणित मुख्यतः काढायचं असतं. बीएस्सीचं गणित दाखवून द्यायचं असतं. रिअल ॲनालिसिसच्या पहिल्या महिन्यात मी रोज शेवटचं पान उघडून उत्तर शोधायचो. तिथे उत्तरच नसायचं, कारण प्रश्न "सिद्ध करा" असा होता. श्रेणी अभिसारी आहे, म्हणजे तिची बेरीज एका ठराविक संख्येकडे जाते, हे डोळ्यांना दिसत असताना एप्सिलॉन (हवा तेवढा लहान फरक) घेऊन ते का सिद्ध करायचं, हे कळायला मला दिवाळी उजाडली. कळलं तेव्हापासून मात्र दुसरं काही गोड लागलं नाही. ज्याला "असंच का?" या प्रश्नाने झोप लागत नाही, त्याने हा कोर्स घ्यावा.

आपल्या भूमीचं एक सांगतो, कारण आमच्याकडच्या मुलांनाही ते माहीत नसतं. चाळीसगावजवळ पाटण्याला एक शिलालेख सापडला, १२०७ सालचा. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला आणि त्याला दिलेली दानं दगडावर कोरली गेली. म्हणजे ८०० वर्षांपूर्वी आपल्या डोंगराच्या पायथ्याशी गणिताचं कॉलेज होतं, अनुदानासकट.

आणि तिथे शिकवत काय असतील? बीजगणितातलं एक उदाहरण घ्या. अशी संख्या शोधा, की तिच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्ग यावा. सोपं वाटतं. ६१ च्या जागी ६० घेतलं तर ४ लगेच सापडतो: १६ गुणिले ६० अधिक १ म्हणजे ९६१, ३१ चा वर्ग. ६१ ला मात्र सगळ्यात लहान उत्तर २२,६१,५३,९८० आहे. मोजत बसलं तर आयुष्य जाईल. भास्कराचार्यांनी ते चक्रवाल पद्धतीने ११५० साली थोड्या पायऱ्यांत काढून ठेवलं. फ्रेंच गणिती फर्माने हाच आकडा युरोपातल्या गणितज्ञांपुढे कोडं म्हणून टाकला तो १६५७ साली. चक्रवाल कागदावर एकदा स्वतः करून बघा, एक संध्याकाळ पुरते.

नोकरीचं: पुढे एमएस्सीसाठी आयआयटीची जॅम परीक्षा, विम्यासाठी ॲक्च्युअरीचे, म्हणजे जोखमीच्या हिशेबाचे पेपर (प्रवेशाला एसीईटी परीक्षा), संख्याशास्त्र, बीएड. वाट लांब आहे, खोटं सांगत नाही. ॲक्च्युअरीचे पेपर मी नोकरी करत करत देतो आहे, अजून बाकी आहेत.

---

पाटबंधारे_निवृत्त | शनिवार, रात्री ९:५०

समाजशास्त्राबद्दल एक सिव्हिल इंजिनिअर लिहितो आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

सरदार सरोवरात आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं बाधित झाली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. बऱ्याच लोकांना तळोदा-शहादा भागात जमिनी आणि वसाहती दिल्या गेल्या. तशा एका वसाहतीच्या आखणीत मी होतो. तरुण होतो, काम मनापासून केलं. सरळ रस्ते, सारखे प्लॉट, गटारीला बरोबर उतार, ठराविक अंतरावर हातपंप. लेव्हल मी स्वतः दोनदा तपासल्या होत्या.

वर्षभराने गेलो तर निम्म्या घरांना कुलूप. लोक शेतात झोपड्या घालून राहायला गेले होते. मी चिडलो, म्हटलं एवढं करून दिलं. तेव्हा समाजकार्याचं शिकणारी एक मुलगी तिथे महिनाभर राहत होती. ती मला म्हणाली, "साहेब, तुम्ही यांचं जुनं गाव बघितलंय का?" बघितलं होतं, पण दुर्बिणीतून, सर्व्हेसाठी. डोंगरातले पाडे विखुरलेले असतात. प्रत्येकाचं घर आपल्या शेतात, शेजारी हाकेच्या अंतरावर. कोंबड्या, गुरं, मोहाचं झाड, सगळं दारात. आम्ही त्यांना भिंतीला भिंत लावून रांगेत बसवलं. ती मुलगी हे शिकून आली होती: कोणाला विचारायचं, कोणत्या वेळी, बायकांना वेगळं कसं विचारायचं, पावरीत, म्हणजे तिथल्या आदिवासी बोलीत, कोणता शब्द वापरायचा. आमच्या डिग्रीत असा एकही पेपर नव्हता. हातपंपाची जागा बायकांना विचारून ठरवावी, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मलाही सुचलं नाही. ते कुलूप अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

पोरांनो, सिव्हिल घेत असाल तर ओपन इलेक्टिव्हला समाजशास्त्राचा पेपर घ्या. आणि समाजशास्त्रवाल्यांनो, तुम्ही थोडं लेव्हलिंग (जमिनीचा चढउतार मोजणं) समजून घ्या, म्हणजे आमच्यासारख्याशी ड्रॉइंगच्या टेबलावर भांडता येईल.

---

एम१_राहिलाय | शनिवार, रात्री ११:३०

सर, मी मेकॅनिकल, दुसरं वर्ष. एम१, म्हणजे इंजिनिअरिंग गणिताचा पहिला पेपर, दोनदा गेला. घरी एकदाच गेल्याचं माहीत आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. गणित येतं सर, पण पुस्तकातलं वाक्य कळत नाही. वर्गात विचारलं तर सगळे मागे वळून बघतात. मी चुकीच्या कोर्सला आलो का?

---

तापीथडी | रविवार, सकाळी ६:३०

बाळा, रात्री साडेअकराला लिहिलंस, झोपला होतास का नंतर?

चुकीच्या कोर्सला आलास की नाही ते इतक्यात ठरवू नको. तुझी अडचण गणिताची आहे की इंग्रजी वाक्यांची, ते आधी वेगळं करू. गणिताच्या इंग्रजीत जेमतेम ४० वाक्प्रचार फिरून फिरून येतात. "लेट" म्हणजे "समजा". "सच दॅट" म्हणजे "असा, की". "इफ अँड ओन्ली इफ" म्हणजे "जर आणि तरच". "रिस्पेक्टिव्हली" म्हणजे "अनुक्रमे". एक छोटी वही कर, रोज पाच. महिनाभरात पुस्तक बोलायला लागेल. आणि वर्गात विचार. जे मागे वळून बघतात, त्यांतल्या निम्म्यांना तोच प्रश्न असतो.

आता एम१. तुझ्या घरी ठिबक आहे का?

---

एम१_राहिलाय | रविवार, सकाळी ८:१०

आहे सर. केळी आहे दोन एकर, १६ एमएमची नळी, तासाला चार लिटरचे ड्रिपर. शेवटची झाडं बारीक राहतात नेहमी.

---

तापीथडी | रविवार, सकाळी ९:००

मग तुझा एम१ शेतात पसरलेला आहे. साध्या ड्रिपरमधून येणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं. आता तुझ्या सिलॅबसमधलं "चुका आणि अंदाज" हे प्रकरण काढ. दोन्ही बाजूंचा लॉगरिदम घेऊन अवकलन कर. पाण्यातला टक्केवारी फरक हा दाबातल्या टक्केवारी फरकाच्या निम्मा येतो. दाब २० टक्के पडला तर पाणी साधारण १० टक्के कमी. ठिबकची आखणी करणारे हाच हिशेब धरतात: एका भागात दाबाचा फरक २० टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे पाण्याचा १० च्या आत राहतो.

आज मोटर चालू असताना पहिल्या ड्रिपरखाली आणि शेवटच्या ड्रिपरखाली सहा-सहा मिनिटं भांडं ठेव. मोजून इथे लिही. आधी फिल्टर धुऊन घे.

---

शहाद्याची_आई | रविवार, दुपारी ४:४५

सगळ्यांचे खूप आभार. मुलीला धागा वाचायला दिला. तिच्या बाबांनीही वाचला, काही बोलले नाहीत, पण काल संध्याकाळी स्वतः कॉम्प्युटरची आणि बीएची पीडीएफ प्रिंट करून घेऊन आले.

साक्रीच्या ताई, ती कालपासून आजीजवळ बसून "ळ"चे शब्द लिहितेय. ४२ झाले. ३८ मध्ये "य" झाला. चार शब्दांत आजी स्पष्ट "ळ" म्हणते, त्यांतले दोन "मंडळ" आणि "महामंडळ". ते का राहिले, हे तिला कोडं पडलंय. ऑप्शन फॉर्मला अजून सहा दिवस आहेत.

---

बोलीभाषा_साक्री | रविवार, संध्याकाळी ५:२०

ताई, एका आजीवरून नियम सांगता येत नाही, पण ते शब्द आजीकडे कुठून आले ते तिला बघायला सांगा. घरातले की एसटी स्टँडवरच्या पाटीवरचे? बदल होऊन गेल्यावर बाहेरून आलेले शब्द असे कोरे राहू शकतात. उरलेले दोन कोणते? आणि शेजारच्या दोन आज्यांनाही विचारायला सांगा, एक लेवा बोलणारी मिळाली तर फारच छान. यादी मला पाठवा, मी माझ्या गावची जोडते.

---

कोरडवाहू_पारोळा | रविवार, रात्री ८:००

सर, पोराला फोन दिला. तो तुम्हाला उद्या करेल. त्याला मोटर वाइंडिंगमध्ये रस आहे हे मला आज कळलं. इलेक्ट्रिकलच्या पहिल्या वर्षाची पीडीएफ कुठे मिळेल?

---

एम१_राहिलाय | रविवार, रात्री ९:१५

सर, मोजलं. पहिल्या ड्रिपरला सहा मिनिटांत ४०० मिली, शेवटच्याला ३५०. म्हणजे पाणी साडेबारा टक्के कमी. उलटं काढलं: ३५० भागिले ४०० चा वर्ग केला, ०.७६५ आलं. दाब २३ टक्के पडतोय, २० च्या वर. वडिलांना दाखवलं. ते म्हणाले, सबमेन (नळ्यांना पाणी देणारा मोठा पाइप) कडेला आहे ती मधून काढली तर नळी दोन्हीकडे अर्धी होईल. मग नुकसान निम्मं होईल ना सर?

---

तापीथडी | रविवार, रात्री ९:४०

शाबास. वडिलांचं म्हणणं बरोबर आहे, पण नुकसान निम्म्यावर थांबत नाही, साधारण सातव्या हिश्श्यावर येतं. नळी अर्धी झाली की तिच्यावरचे ड्रिपरही अर्धे होतात, म्हणजे तिच्यातून वाहणारं पाणीही अर्धं, आणि घर्षणातला तोटा प्रवाहाच्या १.८५ व्या घाताने बदलतो. लांबीचा एक घात आणि प्रवाहाचा १.८५ एकत्र करून बघ. मंगळवारी कॉलेजात ये, तीन वाजता मी केबिनमध्ये असतो. वही घेऊन ये.

पारोळ्याचे भाऊ, लिंक व्यक्तिगत निरोपात पाठवली आहे.